वेळापत्रकांतील रिकामा रकाना

मीं एकतीस वर्षें शाळेंत शिकविलें आणि त्यांतील बरींच वर्षें शाळेचें वेळापत्रक तयार केलें. एका पावसाळ्यांत ओढ्याला पूर आला आणि पलीकडच्या गांवचे तीन शिक्षक येऊं शकले नाहींत. भिंतीवरच्या वेळापत्रकांत प्रत्येक तासाला शिक्षक होता. वर्गांत कोणी नव्हतें. एक मुलगा कठड्यावरून पडला व त्याचा हात मोडला. नोंदवहींत मात्र सर्व तास यथास्थित झाल्याची नोंद आहे, आणि ती माझ्याच हातची आहे. दोष पुराचा नव्हता. पूर येतो हें सर्वांस ठाऊक होतें. तो आल्यावर कोणीं काय करावयाचें, हें कोठेंच लिहिलेलें नव्हतें.

माझा मुलगा संगणकाच्या आज्ञावल्या रचणाऱ्यांपैकीं आहे. त्याच्याकडून त्या व्यवसायाची हकीकत ऐकतांना मला हा प्रसंग आठवला. मोठी आज्ञावली अनेक माणसें मिळून रचतात. म्हणून त्या कामाचाहि नकाशा आंखावा लागतो. आधीं गरज समजून घ्यावी, मग आराखडा, मग लेखन, मग चाचणी. १९७० सालीं विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्यानें असा पायऱ्यापायऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि त्याच लेखांत इतक्या सरळ क्रमावर विसंबणें धोक्याचें आहे, असा इशाराहि दिला. कारण चाचणी शेवटीं येते; तेथें मोठा दोष सांपडला तर आराखडाच पुन्हां करावा लागतो. पुष्कळांनीं नकाशा घेतला, इशारा सोडला.

१९८७ सालीं लिऑन ऑस्टरवाइल यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, काम करण्याची पद्धति हीहि एक आज्ञावलीच आहे. आतां चांगल्या आज्ञावलींत अपवादाची सोय असते. मागितलेली माहिती मिळाली नाहीं तर काय करावें, हें आधींच लिहिलेलें असतें. मग माणसांच्या कामाच्या नकाशांत ती कां नसावी? चाचणी घेणारा आजारी पडतो, ग्राहक मागणी बदलतो, विकत घेतलेला भाग ऐन वेळीं दगा देतो. प्रत्येक संकट नकाशावर काढूं गेल्यास मूळ वाटच दिसेनाशी होईल. परंतु संकटें असंख्य असलीं, तरी त्यांवरचीं उत्तरें थोडीं असतात. बार्बरा लर्नर, ऑस्टरवाइल व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं त्यांचे तीन गट दाखविले : दुसरा मार्ग धरणें, मध्यें जादा पायरी घालणें, किंवा चालू काम रद्द करणें.

पुराच्या पुढल्या वर्षीं मीं वेळापत्रकांत एक रकाना वाढविला. शिक्षक न आल्यास त्याच्या जागीं कोणीं जावें. त्यानें प्रथम मुलांची मोजणी करावी. आणि शाळा सोडावयाची ती केव्हां व कोणाच्या आज्ञेनें. आज पाहतों तों त्यांत तिन्ही उत्तरें आहेत. शिवाय, प्रत्यक्ष घडलें तेंच लिहावें, ही सूचना मीं शेवटीं घातली. कारण ज्या योजनेंत अडचणीला जागा नसते, ती योजना भल्या माणसालाहि खोटी नोंद करावयास लावते.

त्या मुलाचा हात पुढें बरा झाला. नोंद मात्र अजून तशीच आहे.