प्युरिफायरचं झाकण उघडून दिवा बघू का?

एका श्रोत्याने विचारलंय, पाण्याच्या प्युरिफायरमधला यूव्ही दिवा खरंच चालतोय का, हे उघडून बघितलं तर चालेल का? नाही चालणार. का, ते सांगायला आधी ट्यूबलाइटमध्ये शिरावं लागेल.

ट्यूबमध्ये असतं काय? अगदी कमी दाबाचा आरगॉन वायू आणि काही मिलिग्रॅम पारा. वीज वाहू लागली की सुसाट धावणारे इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या वाफेतल्या अणूंवर आपटतात. मिळालेली ऊर्जा अणू प्रकाशाच्या रूपात परत टाकतो. पण गंमत अशी, की त्यातला बराचसा प्रकाश आपल्याला दिसतच नाही. ते २५३.७ नॅनोमीटरचे अतिनील किरण असतात. काचेला आतून दिलेला पांढरा लेप ते गिळतो आणि दिसणारा उजेड देतो. म्हणजे आपण ज्या उजेडात अभ्यास केला, तो मुख्यतः त्या पांढऱ्या पावडरीचा! लेपातून काही निसटलंच, तर साधी काच अडवते.

आता लेप काढा आणि साध्या काचेच्या जागी क्वार्ट्झ घ्या. झाला जंतुनाशक दिवा! आतला पारा तोच. डीएनए साधारण २६० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण जोरात शोषतो, त्यामुळे घाव वर्मी बसतो. जंतू तिथल्या तिथे मरतो असं नाही, त्याची वाढ थांबते. आपल्याला तेवढं पुरतं. गढूळ पाण्यात मात्र किरण आत पोचत नाहीत, म्हणून आधी फिल्टर हवाच.

(वाफेचा दाब वाढवला की रस्त्यावरचे ते जुने निळसर दिवे. त्यात लाल रंग जवळजवळ नाही, म्हणून माणसं आजारी दिसायची.)

तर डोळ्याचं काय? या दिव्याचा दिसणारा निळा उजेड मंद असतो, त्यामुळे माणूस निर्धास्त बघत बसतो. तेव्हा काहीच दुखत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी येतं, उजेड सोसवत नाही. उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग बघितलं की होतं, अगदी तेच.

आणि बघून कळणार तरी काय? दिवा जुना झाला की अतिनील किरण कमी होत जातात, निळा उजेड मात्र दिसत राहतो. तेव्हा कंपनीने दिव्याचे किती तास सांगितलेत ते बघा, आणि बदलल्याची तारीख मशीनवर लिहून ठेवा.