कळसूबाईचे पाहुणे आणि आमची डांगी जनावरं

आम्ही कळसूबाईच्या पायथ्याच्या गटातल्या बाया बोलतोय. अकोले तालुक्यातलं हे शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सर्वांत उंच.

आमच्याकडं गोष्ट सांगतात. कळसू नावाची पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एकदा घरी पाहुणे फार आले आणि तिला भांडी घासायला लावली. तिनं घासली, पण मग डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. वर तिचं देऊळ आहे, नवरात्रात जत्रा भरते.

आता पाहुणे आमच्याकडं येतात! पावसाळ्यात शनिवारी रात्रभर बॅटऱ्या लावून लोक चढतात. पिठलं, नागलीची भाकरी आम्ही करतो आणि भांडीही आम्हीच घासतो. पण पैसा हातात येतो, म्हणून तक्रार नाही.

तक्रार दुसरीच आहे. ह्याच वाटेच्या कडेनं आमची डांगी जनावरं चरतात. काळी-पांढरी, अंगानं तेलकट, म्हणून एवढ्या पावसात टिकतात. भाताची चिखलणी ह्याच बैलांवर. वेफरच्या रिकाम्या पाकिटाला मीठ लागलेलं असतं, जनावर ते चाटतं आणि पाकीटासकट गिळतं. गेल्या साली आमच्यातल्या एकीची गाय चारा खाईना, पोट फुगलं. डॉक्टर येईपर्यंत गेली. पोटातून प्लास्टिकचा पिळा निघाला. मागं तीन महिन्यांचं वासरू. त्याला आम्ही आळीपाळीनं बाटलीनं दूध पाजलं.

तेव्हापासून आम्ही पाकिटं विकत नाही. शेंगदाण्याचे लाडू आणि उकडलेली अंडी ठेवतो. पाण्याच्या बाटलीमागं दहा रुपये जास्त घेतो, रिकामी बाटली आणली की परत देतो. काहीजण वाद घालतात, "एवढं कशाला?" म्हणतात. आम्ही वासराकडं बोट दाखवतो. बहुतेकजण गप्प होतात, सगळे नाही.

शेजारच्या टपरीवाल्यांना मात्र हे पटलेलं नाही. त्यांचा गल्ला पाकिटांवरच चालतो, तेही खोटं नाही. नवरात्राआधी त्यांना बैठकीला बोलावलंय. तुमच्या गावात जत्रेच्या कचऱ्याचं काय करता? केंद्रावर कळवा, बैठकीत सांगायला आम्हाला उपयोगी पडेल.