अंगणातील हत्तीकान

ज्या अळवाला रत्नागिरीच्या घरोघरी न्हाणीच्या सांडपाण्यावर परसातली जागा मुक्रर झालेली असते, आणि ज्याकडे फदफदे वा वड्या यांपलीकडच्या दृष्टीने आपण क्वचितच पाहतो, त्याच कुळातील हत्तीच्या कानांसारख्या विशाल पर्णांच्या जातींना दर्शनी अंगणात मानाचे स्थान द्यावे, अशी माझी मनःपूर्वक शिफारस आहे.

सर ओसरल्यावर अळवाच्या पानाजवळ वाकून पाहावे: मेणचट, सूक्ष्म उंचवट्यांमुळे पाणी पृष्ठभागाला न चिकटता पाऱ्यासारखे गोळा होते, देठाच्या सांध्यापाशी क्षणभर थरथरते, आणि झुळकीसरशी निसटताना धूळही घेऊन जाते. अळवाचे पान झुकलेले, तर त्याच कुळातील अलोकेशिया या हत्तीकानाचे बहुधा आभाळाकडे टोक करून उभे. त्याच्या थोराड जातीचे एकेक पान दोन हातही भरते.

रत्नागिरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असला, तरी जांभ्याच्या जमिनीत ओल टिकत नाही. यास्तव लागवडीच्या खड्ड्याच्या तळाशी नारळाची सोडणे, वर शेणखत नि कुजका पालापाचोळा घालावा, माडाची विरळ सावली पाहावी, आणि दिवाळीनंतर पाण्याची तजवीज ठेवावी.

मात्र या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यांनीच घसा खवखवतो. म्हणून शोभेच्या जातीचे पान स्वयंपाकात कदापि घेऊ नये, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि छाटणी केल्यावर हात स्वच्छ धुवावेत.