छायाचित्रांतील अनोळखी विमानें

पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें कुठल्याशा मासिकांतून कापलेलें एका विमानाचें चित्र मला आणून दाखविलें. इंजिन व शेपूट असलेलें लांबट धड एका बाजूस, आणि माणसें बसण्याची कांचेची कोठडी त्याच्या शेजारीं उजव्या पंखावर! मीं चष्मा सरसावला आणि निकाल दिला, "छापतांना दोन ठसे एकांत एक मिसळले आहेत. असें विमान असूंच शकत नाहीं." वर्ग हंसला, मुलगा मान खालीं घालून जागेवर गेला.

पुढें एका ग्रंथांत तेंच विमान माझ्या दृष्टीस पडलें. तें जर्मनीच्या ब्लोम उंड फॉस कारखान्याचें बीव्ही १४१ असून १९३८ सालीं प्रथम उडालें होतें. टेहळणी करणारांस खालचा मुलूख मोकळेपणीं दिसावा म्हणून त्याची रचना मुद्दाम अशी एकांगी केली होती. चित्रांत कांहींच दोष नव्हता. दोष पाहणाराचा होता. तेव्हांपासून छायाचित्रांवरून विमानें ओळखण्याच्या विद्येचा मला नाद लागला.

या विद्येचा पहिला पाठ असा कीं, नांव सुचण्यापूर्वीं अवयव पाहावेत. पंख धडाच्या वर आहेत कीं खालीं, सरळ आहेत कीं मागें कललेले, इंजिनें किती व कोठें, शेपटीची ठेवण कशी, हें क्रमानें टिपावें. चित्र आकाशांतून घेतलेलें असेल, तर सावलीकडे अवश्य पाहावें. वरून केवळ पंख व धड दिसतात. शेपटीची उंची व बाजूची आकृति सावलींत उमटते. असें चित्र हातीं धरतांना सावली आपल्याकडे पडेल असें धरावें. नाहींतर टेकडी खड्ड्यासारखी आणि खड्डा टेकडीसारखा भासतो.

दुसरा पाठ मोजमापाचा. समजा, कॅमेऱ्याच्या भिंगाचें केंद्रांतर ३६ इंच, म्हणजे ३ फूट आहे, आणि विमान ३०,००० फुटांवर आहे. तर चित्राचें प्रमाण दहा हजारांस एक असें येतें. अशा चित्रांत २० फूट पंखविस्ताराचें विमान अवघ्या ०.६ मिलिमीटरांत मावतें. मोहरीच्या दाण्याहूनही तें लहान होय!

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडमधील मेडमेनहॅम येथें कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ ही बाई अशाच ठिपक्यांवरून विमानें ओळखणाऱ्या विभागाची प्रमुख होती. बाल्टिक समुद्राच्या कांठीं पेनेम्युंडे येथें जर्मनांचे गुप्त प्रयोग चालत. तेथील जून १९४३ च्या चित्रांत तिला शेपटीचे आडवे पंख नसलेलीं चार विमानें आढळलीं. त्यांचा पंखविस्तार सुमारें ३० फूट भरला. नांव ठाऊक नसल्यामुळें त्यांना 'पेनेम्युंडे ३०' म्हणण्यांत आलें. तीं मेसरश्मिट १६३ हीं रॉकेटच्या जोरावर उडणारीं विमानें होतीं.

त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत, वैमानिकावांचून उडणारें एखादें अगदीं लहान विमान दिसतें काय, याचा शोध घेण्याची आज्ञा तिला झाली. तिनें पूर्वीं तपासलेलीं जूनचीं चित्रें पुन्हा काढलीं, आणि इमारतींमागील एका कोपऱ्यांत २० फुटांच्या आंतबाहेरचें एक विमान तिला सांपडलें. तें तेथें पहिल्यापासूनच होतें. पण काय शोधावयाचें हें ठाऊक नसल्यामुळें डोळ्यांसमोर असूनही दिसलें नव्हतें. पुढें २८ नोव्हेंबरच्या चित्रांत समुद्राकडे तोंड केलेल्या एका उतरत्या रुळमार्गावर तसेंच विमान उभें असलेलें दिसलें. असे मार्ग पूर्वीं गाळ उपसण्याच्या सामग्रीपैकीं समजले गेले होते! उत्तर फ्रान्समध्यें बांधल्या जात असलेल्या तळांचें कोडें आतां उलगडलें. त्या तळांवर बाँबवर्षाव झाला आणि शत्रूला नवे तळ उभारणें भाग पडलें. तरीही १३ जून १९४४ रोजीं पहिला उडता बाँब लंडनवर आलाच, आणि त्या अस्त्रानें ब्रिटनमध्यें सुमारें ६००० माणसांचा बळी घेतला. तो ठिपका वेळेवर ओळखला गेला नसता, तर हा आकडा कोठवर गेला असता याची कल्पनाच करावी.

युद्धानंतर चित्रें अवकाशांतून येऊं लागलीं. १९६६ सालीं प्रथम उडालेलें एक रशियन यंत्र अमेरिकेच्या उपग्रहांनीं कास्पियन समुद्रावर टिपलें. लांबी ९० मीटरांहून अधिक, पंखविस्तार मात्र ४० मीटरांहूनही कमी! इतक्या आंखूड पंखांवर एवढें धूड उंच आकाशांत जाणार कसें? पण तें उंच जाण्यासाठीं घडविलेंच नव्हतें. पाण्यालगत उडतांना पंख व पृष्ठभाग यांच्यामध्यें हवा दाबली जाते, आणि त्या हवेच्या आधारानें तें धांवे. त्यावर दहा इंजिनें होतीं. पाश्चात्यांनीं त्यास 'कास्पियन समुद्राचा राक्षस' असें नांव दिलें. १९८० सालीं तें अपघातांत नष्ट झालें.

श्रोतेहो, त्या विद्यार्थ्याची क्षमा मागावयाची माझी राहूनच गेली. आपल्या घरच्या मुलानें एखादें चमत्कारिक चित्र आणलें, तर "असें असूंच शकत नाहीं" हे शब्द क्षणभर ओठांतच राहूं द्या. त्याला शेजारीं बसवा, भिंग घ्या आणि दोघे मिळून पंख, इंजिनें व सावली पाहा. चित्र खोटें असेल, तर तेंही त्या तपासांतच उघडकीस येईल.