नियमाच्या तळाशी

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी ज्यांच्याकडे उतरलो आहे, त्यांची नऊ वर्षांची नात काल रात्री जेवणानंतर नेलकटर घेऊन सोफ्यावर बसली. आतून आजीचा आवाज आला, ‘‘रात्रीची नखं कापू नकोस गं!’’ नात म्हणाली, ‘‘का?’’ आजी म्हणाली, ‘‘कापू नयेत.’’ खोलीत उजेड एवढा लख्ख, की मला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता आला असता. नात माझ्याकडे बघायला लागली. मी वकील आहे हे तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

बारामतीच्या कोर्टात मी तीस वर्षं काढली. तिथे ‘कापू नयेत’ एवढ्यावर भागत नाही, कलम दाखवावं लागतं. पण कलम दाखवून झालं तरी त्या पोरीचा ‘का’ शिल्लक राहतोच. आज त्या ‘का’बद्दल बोलावं म्हणतो.

माझं गाव पळसदेव, तालुका इंदापूर. पुणे-सोलापूर रस्त्याने जाताना भिगवणला चिलापी खाऊन पुढे निघालात, की इंदापूरच्या अलीकडे पाटी दिसते. पण ते नवं पळसदेव. जुनं गाव भीमेच्या काठी होतं. उजनी धरणाचं पाणी चढत आलं तसं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गाव वर सरकलं, देवही वर आला. पळसनाथाचं जुनं देऊळ मात्र पाण्यात राहिलं. एरवी त्याचं शिखर तेवढं दिसतं. कडक उन्हाळ्यात पाणी हटलं, की सगळं देऊळ उघडं पडतं, गाळातून वीरगळ डोकं काढतात. २०२४च्या उन्हाळ्यात असंच झालं. लांबून लोक फोटो काढायला आले. आम्ही गावचे लोक मात्र आपापलं घर कुठे होतं ते हुडकत फिरत होतो.

जुन्या नियमांचं मला असंच वाटतं. वरून पाहिलं तर पाण्यात नुसतं एक टोक उभं. कुणी हसतो, कुणी हात जोडतो. पाणी ओसरलं, की खाली पायऱ्या दिसतात आणि त्यावरून कोण ये-जा करत होतं तेही कळतं.

नियमांतलं सगळ्यात मोठं घराणं आगीचं. शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात चिपळूणकडच्या आपल्या लष्कराला लिहिलेलं पत्र तुम्हाला ठाऊक असेल. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यातच आणखी एक ताकीद आहे: रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवील, गवताला आग लागेल आणि घोड्यांना वैरण उरणार नाही. राज्य उभं करणारा माणूस उंदराच्या वाटेचा विचार करतो! पुढचा धागा तर बघा. वैरण जळाली, की शिपाई रयतेच्या गंजीला हात घालणार. म्हणजे दिवा विझवायचा तो शेतकऱ्याचं घर वाचावं म्हणून.

आपण ज्याला कर्फ्यू म्हणतो, त्या शब्दाचा जुन्या फ्रेंचमधला अर्थ ‘विस्तव झाका’ असा आहे. युरोपातल्या गावांत रात्री घंटा व्हायची आणि घरोघरी चुलीतला निखारा राखेनं झाकावा लागायचा. लाकडाची घरं, गवताची छपरं; एकाचा निखारा म्हणजे सगळ्यांची राख. १६६६ साली लंडन जळालं, त्यानंतर तिथे विटा-दगडांनीच बांधायचा कायदा आला. पुढे १९९७मध्ये शेक्सपिअरचं ग्लोब नाट्यगृह पहिल्यासारखं उभारून उघडलं, तेव्हा त्याच्या गवती छपराला खास परवानगी लागली. आग विझून तीनशे तीस वर्षं झाली होती, नियम अजून जागा होता.

पेशवाईतल्या पुण्यात घंटेऐवजी तोफ होती. रात्री ती झाली, की रस्त्यावर दिसेल त्याला गस्तवाले धरून सकाळपर्यंत बसवून ठेवत. पेशव्यांच्या चाकरीतला विल्यम टोन नावाचा आयरिश अधिकारी लिहितो, की अवेळी बाहेर सापडल्याबद्दल एकदा खुद्द पेशव्यांनाही रात्रभर अडकून पडावं लागलं होतं. खरं असेल तर त्या गस्तवाल्याचा पुतळा उभारायला हवा. पण त्याच शहरात १७९१ साली कोतवाल घाशीरामाच्या कोठडीत एकवीस माणसं कोंडून मेली आणि चिडलेल्या जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचलं. नियमाचं कारण चोख असून भागत नाही, किल्ली कुणाच्या कमरेला आहे तेही पाहावं लागतं.

आता आमच्या मुलखातला एक नियम सांगतो. गावात चोरी झाली, की जागल्यानं, म्हणजे गावच्या पहारेकऱ्यानं, माग काढायचा. पावलांचे ठसे बघत शिवेपर्यंत जायचं आणि शेजारच्या गावच्या जागल्याला ते दाखवायचे. त्याची खात्री पटली, की आपण सुटलो. पुढचा माग त्यानं काढायचा. असा माग गावोगाव पुढे सरकायचा. जिथे तो थांबेल त्या गावानं चोरीची भरपाई द्यायची: आधी जागल्यानं, त्याची ऐपत नसेल तर साऱ्या गावानं. पेशवाई बुडाल्यावर ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९च्या आपल्या अहवालात ही पद्धत नोंदवून ठेवली आहे.

आज ऐकायला विचित्र वाटतं. चोर कुणीतरी, दंड गावाला. पण पोलीस ठाणं नाही, रस्त्याला दिवे नाहीत, अशा माळावर चोर कोणत्या ओढ्यात उतरला हे कुणाला माहीत असणार? त्याच गावाला. ते गप्प बसू नये म्हणून गप्प बसणं महाग केलं. कारण पटण्यासारखं आहे. मात्र जिथे माग पुसला जायचा, तिथल्या जागल्याच्या घरात त्या रात्री चूल पेटत असेल का, हे अहवालात नाही.

इंग्रज आले आणि नियम छापील झाले. १८७१चा गुरांच्या कोंडवाड्याचा कायदा काढून बघा. कोंडवाडा आपल्याला ठाऊक आहे: पिकात शिरलेली गुरं नेऊन कोंडायची, मालकानं दंड भरून सोडवायची. या कायद्यात ‘गुरे’ म्हणजे कोण, तर त्यात हत्तीसुद्धा आहे. हत्तीला दंड दोन रुपये, म्हशीला आठ आणे, शेळीला एक आणा. इंदापूरच्या कोंडवाड्यात हत्ती! त्याला आत घेण्याआधी कोंडवाडाच मोठा करावा लागला असता. पण कायदा एकच, आणि तो आसामच्या जंगलापासून आमच्या ज्वारीच्या रानापर्यंत सगळीकडे लावायचा होता. लिहिणारा कलकत्त्यात बसला होता. नियम लांबून केला, की त्यात असा एखादा हत्ती शिरतोच.

आणि आपल्या महाराष्ट्राचा परवाना? १९४९च्या दारूबंदी कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो. त्या कायद्यात आरोग्य राखण्यासाठी ज्याला विलायती मद्याची गरज आहे, त्याला परवाना देण्याचं कलम आहे. (हशा) हसू नका, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण सुटीत पुण्याला येतात तेव्हा आरोग्य राखत असतात. दारूनं उजाड झालेली घरं हे त्या कायद्याचं कारण, आणि ते खरंच होतं. पुढे बंदी सैल झाली, पण कागद तसाच राहिला. देव वरच्या गावात गेल्यावर पाण्यात देऊळ राहावं, तसा.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, वकीलसाहेब प्रत्येक नियमाचं कारण काढून दाखवतात, म्हणजे आपले पूर्वज मोठे शहाणे होते. इथेच थांबायला हवं. कारण सापडलं, की माणूस त्याच्या प्रेमात पडतो.

पेशवाईतल्या पुण्याच्या आणखी एका नियमाची नोंद जुन्या पुस्तकांतून मिळते. महार-मांगांनी दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत शहरात यायचं नाही. कारण? त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि सावली कुणा वरच्या जातीच्या माणसावर पडेल. बघा, कारण आहे. सूर्य किती कलला म्हणजे सावली कुठवर जाते याचा हिशेबसुद्धा आहे. उंदराच्या वातीइतकंच बारकाईनं कुणीतरी यावर डोकं चालवलं होतं.

सावलीसारखीच बंदी पाण्यावरही होती. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी घेतलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने ठरावच मागे घेतला. मग कोर्टात वाद झाला, तो रूढीचा. फार दिवसांची वहिवाट आहे, असं सवर्णांचं म्हणणं. हायकोर्टाचा निकाल १९३७मध्ये आंबेडकरांच्या बाजूने लागला. पाणी पिण्याचा साधा हक्क कागदावर यायला दहा वर्षं लागली.

म्हणून मी नियमाला एक सोडून दोन प्रश्न विचारतो. पहिला: हा कुठल्या भीतीतून आला? आगीच्या, चोराच्या, साथीच्या? तुमच्याकडे दारापुढचा बर्फ उपसला नाही तर पालिका दंड करते असं परवा कळलं. तिथे भीती म्हातारा माणूस घसरून पडण्याची. आणि दुसरा प्रश्न: भीती कुणाची, आणि तिची किंमत कोण मोजतो? बर्फाच्या नियमात दोन्हीकडे तुम्हीच आहात. सावलीच्या नियमात भीती एकाची होती आणि उन्हात उभं राहायचं दुसऱ्यानं. असा नियम कारणासकट बुडवावा. त्याचं शिखरही वर ठेवू नये.

आमचं गाव उठलं तेही नियमानेच. १८९४चा भूसंपादनाचा कायदा आणि त्यातले ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे दोन शब्द. प्रयोजन खोटं नव्हतं. सोलापूर जिल्ह्याचा दुष्काळ मी पाहिला आहे आणि उजनीच्या पाण्यावर तिथे उभा राहिलेला ऊसही पाहिला आहे. तहान त्यांची, किंमत आमची, हा हिशेब आम्ही पुढे पुष्कळसा सोडूनही दिला. राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६मध्ये, धरणाचं काम सुरू झाल्यानंतर दहाएक वर्षांनी. उजनीचा साठा तुम्ही बातम्यांत उणे टक्क्यांत ऐकता. हाही एक चमत्कारिक नियम. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त ‘मृत’, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेला. त्या मृत साठ्याच्या खाली शून्य धरत नाहीत, त्याच्या वर धरतात. त्यामुळे पाणी शून्याखाली गेलं, की बातमीत ‘उणे’ येतं, आणि आमचं गाव पाण्याबाहेर येतं.

२०२४च्या त्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याच्या पायाला गाळात काहीतरी लागलं. उकरलं तर तांब्या निघाला. काळा पडलेला, एका बाजूला चेपलेला. तो म्हणाला, ‘‘काका, सरकारला कळवायला लागतं का?’’ प्रश्न कायद्याचाच होता. १८७८चा गुप्तधनाचा कायदा म्हणतो, जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवा. आज दहा रुपयांत चहा येतो. तेव्हा मजुराला तेवढं मिळवायला महिन्याहून जास्त राबावं लागे. धनाला कुणी मालक निघाला नाही तर सापडवणाऱ्याला बारा आणे आणि जागेच्या मालकाला चार आणे, अशी वाटणीही त्यात आहे. यालाही कारण आहे. सगळं सरकारनंच घ्यायचं म्हटलं असतं, तर सापडलेलं सोनं रातोरात मुशीत गेलं असतं. माणसानं खरं बोलावं म्हणून खोट्यापेक्षा खरं फायद्याचं केलं.

पण तांब्याला मालक आहे की नाही? पुतण्यानं तो चिंच लावून घासला. गळ्याखाली ठोकून घातलेलं नाव उमटलं, शेजारी सन. आमच्या आईचा नियम होता: नाव घातल्याशिवाय भांडं घरात वापरायला काढायचं नाही. लहानपणी मला तो नुसता सोस वाटायचा. पण गावात लग्न निघालं, की साऱ्या आळीची भांडी एका मांडवात जात. चौथ्या दिवशी ढीग पडे. कुणाचं काय, यावरून भांडण होऊ नये म्हणून ते नाव.

नावाचा माणूस केव्हाच गेला होता. नातू नव्या गावठाणात हमरस्त्याला टायरचं दुकान चालवतो. आम्ही तांब्या नेऊन दिला. त्यानं हातात घेऊन उलटासुलटा केला, अंगठा नावावरून फिरवला आणि हवा भरायला थांबलेल्या ट्रकवाल्याला म्हणाला, ‘‘थांब जरा.’’ आत जाऊन त्यात पाणी भरलं. तांब्या गळत नव्हता.

काल रात्री त्या मुलीला मी उत्तर दिलं. म्हटलं, तुझ्या आजीच्या आजीकडे तेलाचा दिवा होता, नेलकटर नव्हतं, आणि जिथे नखं पडतील तिथेच सकाळी ताट मांडायचं होतं. ती क्षणभर विचारात पडली. मग तिने वर दिव्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि खाली जुना पेपर पसरून नखं कापली. आजी काही बोलली नाही.