सांगकाम्याच्या हातचा निरोप

(मंडळाच्या स्नेहसंमेलनात केलेले भाषण, थोडेसे नीटनेटके करून)



"घरच्यांना कळेल अशा भाषेत तुमचं काम सांगा," असं कार्यकारिणीने मला सांगितलं आणि मी अडचणीत सापडलो. आमच्या घरी माझ्या कामाबद्दल एवढीच माहिती आहे की रात्री फोन वाजला की बाबा बेसमेंटमध्ये जाऊन लॅपटॉपसमोर पुटपुटतात. आज त्या पुटपुटण्याचा खुलासा करतो.

मोठी वेबसाइट एका सर्व्हरवर चालत नाही, अनेक सर्व्हर लागतात. प्रत्येक सर्व्हर हाताने लावत बसलो तर चुका ठरलेल्या. म्हणून कामाच्या पायऱ्या एकदा लिहून ठेवायच्या आणि यंत्राकडून करून घ्यायच्या. मी त्यासाठी ॲन्सिबल नावाचं साधन वापरतो. मायकेल डिहान यांनी ते २०१२ साली आणलं आणि २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीने ते विकत घेतलं. 'ॲन्सिबल' हा शब्द मूळचा उर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ सालच्या 'रोकॅनन्स वर्ल्ड' या कादंबरीतला. कितीही अंतरावर क्षणात निरोप पोहोचवणारं यंत्र, असा त्याचा अर्थ. दर रविवारी भारतात फोन लावणाऱ्या आपल्या मंडळींना हे नाव आवडायला हरकत नाही!

तर माझी गोष्ट निरोपाचीच आहे. आमच्या पायऱ्यांपैकी काही पायऱ्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला काहीतरी विचारतात. हे विचारायची जागा म्हणजे ए.पी.आय. कचेरीतली खिडकीच समजा. ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा, ठरलेल्या नमुन्यात उत्तर मिळतं. ते उत्तर बहुधा 'जेसन' या पद्धतीने लिहिलेलं असतं, म्हणजे नाव आणि त्यापुढे किंमत. ॲन्सिबलमध्ये 'रजिस्टर' असा शब्द लिहिला की ते सगळं उत्तर नोंदवून ठेवलं जातं आणि पुढची पायरी त्यातलं हवं ते उचलते. पहिली पायरी म्हणते, "एक नवा सर्व्हर द्या." उत्तरात त्याचा पत्ता येतो. दुसरी पायरी तो पत्ता यादीत लिहिते, म्हणजे लोक त्या सर्व्हरकडे जाऊ लागतात. तिसरी पायरी जुना सर्व्हर काढून टाकते. किती सोपं!

काही वर्षांपूर्वी, लक्ष्मीपूजनाच्याच संध्याकाळी, हे सोपं काम मी ऑफिसातून निघताना सुरू केलं. घरी पोचलो, झब्बा घातला, बायकोने निरांजन लावलं आणि फोन वाजला. रुग्णांच्या अपॉइंटमेंटची साइट बंद पडली होती.

झालं होतं काय? आपण दिवाळीच्या कार्यक्रमासाठी शाळेचा हॉल मागतो, तेव्हा शाळेचं पहिलं उत्तर येतं, "तुमचा अर्ज मिळाला." अर्ज मिळाला म्हणजे हॉल मिळाला नव्हे! हे आपल्या सेक्रेटरींना पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्या लगेच निमंत्रणं छापत नाहीत. वेबच्या भाषेत या उत्तराला २०२ हा आकडा आहे. विनंती स्वीकारली, काम अजून पुरं नाही. आमच्या खिडकीने तेच उत्तर दिलं होतं. सर्व्हर तयार होत होता, पत्त्याची जागा रिकामी होती. दुसऱ्या पायरीने यादीत तो कोरा पत्ता लिहिला आणि तिसरीने जुना सर्व्हर इमानेइतबारे काढून टाकला. आता यादीत कोणीच नाही. अस्सल सांगकाम्या!

पण मंडळी, दोष सांगकाम्याचा नव्हता. ॲन्सिबल अशा वेळी मुळात २०० हाच आकडा मान्य करतं. २०२ आल्यावर ते थांबलं असतं, पण "२०२ सुद्धा चालेल" असं मीच लिहून ठेवलं होतं. पत्ता सापडला नाही तरी ते अडलं असतं, पण "नसेल तर कोरा धरा" हेही माझंच. चाचणीच्या वेळी लाल अक्षरांचा कंटाळा आला म्हणून! यंत्राने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मी ते आधीच बंद करून ठेवलेलं.

पाऊण तासाने साइट सुरू झाली. तोवर तिकडे किती लोक डॉक्टरची वेळ घ्यायला आले आणि परत गेले, ते मला कधीच कळणार नाही. आमच्या घरची पूजा माझ्याशिवाय झाली.

त्यानंतर मी तीन नियम पाळतो. पहिला, काम पुरं होईपर्यंत पुन्हा विचारायचं. 'अंटिल' लिहून दर १० सेकंदांनी, जास्तीत जास्त ३० वेळा, म्हणजे साधारण पाच मिनिटं. तरी नाही झालं तर सरळ थांबायचं. दुसरा, मोडतोड करणाऱ्या पायरीआधी 'असर्ट' घालायचा. पत्ता खरंच आहे का, नवा सर्व्हर खरंच बोलतोय का, हे पटल्याशिवाय जुन्याला हात नाही. तिसरा, प्रत्येक उत्तराला वेगळं नाव. कारण एखादी पायरी वगळली गेली तरी तिच्या रजिस्टरमध्ये "वगळली" अशी नोंद होते आणि त्याच नावाचं आधीचं चांगलं उत्तर पुसलं जातं. यात भलेभले फसतात.

इथे बसलेल्या तरुण मंडळींपैकी बरेच जण याच धंद्यात येतील. त्यांना एवढंच सांगतो, लाल अक्षरं आली की ती घालवायच्या आधी एकदा वाचा. आणि सणाच्या संध्याकाळी निघता निघता काहीही सुरू करू नका. हा चौथा नियम आमच्या घरातून आलेला आहे, आणि तो मोडायची माझी हिंमत नाही.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. आज फोन बंद करून आलोय!