टपावरचे दांडे आणि नौकेचा तोल
(बंगळूर येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर बसून मच्छीमार नौकेविषयी काय बोलायचे, असे काही जणांना वाटेल. पण आपल्यापैकी कित्येकांचे भाऊ, मेहुणे, भाचे आजही मालवण, देवगड, कारवारच्या बंदरांत नौकांवर राबतात. आपण रजेवर गावी गेलो की त्यांचा हुकूम ठरलेला असतो : तुम्ही रेल्वेतले फिटर, मग आमच्या केबिनच्या टपावर एवढे दोन दांडे बसवून द्या. दांडे म्हणजे आऊटरिगर. सुरमई, कुपा यांसाठी चालत्या नौकेमागून गळाच्या दोऱ्या ओढतात. त्या एकमेकींत गुंतू नयेत आणि आमिष पंख्याने उसळलेल्या पाण्याबाहेर राहावे, म्हणून दोन्ही बाजूंना लांब दांडे काढून दोऱ्या त्यांच्यावरून सोडतात. युक्ती चांगली आहे. आमचे म्हणणे आहे ते ती बसवण्याच्या जागेबद्दल आणि ते कोणी ठरवावे याबद्दल.

आऊटरिगर या एकाच इंग्रजी नावाखाली दोन अगदी उलट गोष्टी येतात, हे आधी लक्षात घ्यावे. आपल्या किनाऱ्यावरची उलांडी हीसुद्धा आऊटरिगरच. होडीच्या एका बाजूला, दोन वाकड्या दांड्यांना सुंभाने बांधलेले हलके लाकूड पाण्यावर तरंगते. होडी त्या बाजूला कलली की लाकूड पाण्यात दाबले जाते आणि होडीला वर रेटते. दुसऱ्या बाजूला कलली की लाकडाचे वजन तिला मागे खेचते. म्हणजे उलांडी माणसाला वाचवते. टपावरचे दांडे तसे काहीही करत नाहीत. ते मासे वाढवतात आणि त्याच्या बदल्यात डोक्यावर वजन चढवतात.

डोक्यावरचे वजन किती महाग पडते, याचा हिशेब करू. समजा, नौका 8 टनांची आहे. तिच्या गुरुत्वमध्यापासून 3 मीटर उंच असलेल्या टपावर आपण दांडे, पाय, कंस मिळून 100 किलो चढवले. गुरुत्वमध्य सुमारे पावणेचार सेंटिमीटर वर सरकतो. एवढ्याने काय होते, असे मालक म्हणेल. पण टपावर आधीच पाण्याची टाकी असते, सौर पट्टी असते, दिवे असतात, कोणी जाळेही टाकलेले असते. प्रत्येक वेळी "एवढ्याने काय होते" म्हणूनच ते चढलेले असते.

17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होती. लाटेने बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. तिथे दांड्याचा काही संबंध नव्हता. पण वजन कुठे आहे आणि ते कुठे सरकते, यावर बोटीचा जीव असतो, हे कोकणाला त्या दिवसापासून कोणी शिकवावे लागत नाही.

आता कामाचे. टपाचा पत्रा किंवा प्लाय हा दांडा धरण्यासाठी केलेला नसतो, ऊन-पाऊस अडवण्यासाठी केलेला असतो. 6 मीटरचा 15 किलोचा दांडा तिरपा बाहेर काढला आणि त्याचे वजन बुडापासून 2 मीटर बाहेर पडले, तर बुडाशी 30 किलो-मीटरचा पीळ येतो. बोल्टमधले अंतर 20 सेंटिमीटर असेल, तर आतल्या बाजूच्या बोल्टला दीडशे किलोची ओढ बसते. ही शांत पाण्यातली गोष्ट झाली. लाटेत नौका हेलकावली की प्रत्येक झटक्याला ही ओढ कितीतरी वाढते. लाकडी स्क्रू मारून हे काम करणाऱ्याला आम्ही फिटर म्हणणार नाही.

म्हणून टपाखालची तुळई शोधावी. बोल्ट आरपार जावा, खालून रुंद धातूची पट्टी असावी, वर नायलॉक नट. टपाच्या आत प्लाय किंवा फोम असेल तर भोकाभोवतीचा भाग कोरून रेझिनने भरावा. नाहीतर खारे पाणी आत शिरून वर्ष-दोन वर्षांत टप कुजतो आणि बाहेरून काही कळत नाही. ॲल्युमिनियमच्या बैठकीत स्टेनलेसचे बोल्ट घालायचे असतील तर मध्ये नायलॉनचे वॉशर द्यावेत, कारण खाऱ्या हवेत हे दोन धातू भिडले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. सगळ्यात चांगले म्हणजे बैठकीखाली खांब देऊन भार थेट डेकच्या तुळईवर उतरवावा. आणि दांडा मिटता आलाच पाहिजे. बंदरात शेजारच्या नौकेला तो लागतो, नौका ओढून किनाऱ्यावर घेताना विजेच्या तारेला लागू शकतो. 25,000 व्होल्टच्या तारेखाली काम करणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको.

टपावर आणखी एक हक्कदार आला आहे, आणि तो याच शहराशी नाते सांगतो. 2017 च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या साठहून अधिक नौकांनी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याचा आसरा घेतला. खोल समुद्रातल्या कित्येकांना मात्र इशारा पोचलाच नव्हता. पुढे बंगळुरात मुख्यालय असलेल्या इस्रोच्या तंत्रावर संदेशयंत्र तयार झाले, आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला एक लाख नौकांसाठीच्या 364 कोटींच्या योजनेचा प्रारंभ झाला. त्या यंत्राला मोकळे आकाश लागते. दांड्याच्या बैठकीने ती जागा अडवू नये, वायर चिमटू नये. टपावर एकच जागा उरली असेल, तर ती संदेशयंत्राची.

रेल्वेत डब्याच्या टपावर आरेखनाशिवाय कोणी वेल्डिंग करत नाही, आणि मापाबाहेर गेलेला माल ओडीसी ठरवून वेगळ्या परवानगीनेच चालतो. नौकेवर मात्र मालकाच्या मनात आले की झाले. मासे वाढले तर वाटा सगळ्यांचा, म्हणून खलाशी गप्प बसतो. पण नौका उलटली तर पाण्यात तोच असतो. मालक बहुधा किनाऱ्यावर असतो. तेव्हा भावाने दांडे मागितले तर आधी विचारावे : तांडेलाला आणि खलाशांना विचारले का? दांड्यांच्या बदल्यात टपावरून काय उतरवणार?

काम झाल्यावर एक परीक्षा बंदरातच घ्यावी. परतीच्या वेळी असते तेवढे डिझेल, बर्फ, माल भरून, दोर सैल सोडून नौका हलकेच डोलवावी आणि दहा पूर्ण हेलकाव्यांना लागणारा वेळ घड्याळावर मोजावा. छोट्या नौकांसाठी ढोबळ नियम असा, की एका हेलकाव्याचे सेकंद नौकेच्या रुंदीच्या मीटरपेक्षा जास्त नसावेत. 4 मीटर रुंद नौकेला 5 सेकंद लागले तर दांडे उतरवावेत आणि जाणकार नौका-अभियंत्याला बोलवावे. पाळण्यासारखी सावकाश डोलणारी नौका अंगाला सुखाची वाटते, पण ती सावरायला उशीर करणारी असते. झटकन परत येणारी त्रास देते, पण घरी आणते. जुन्या तांडेलांना हे अंगाने ठाऊक असते, त्यांना परीक्षेला बरोबर घ्यावे.

पावसाळ्यातील मासेमारी-बंदीत नौका वर ओढलेल्या असतात. भोके पाडायची ती तेव्हाच, घाईशिवाय. ज्यांना पुढच्या रजेत असे काम करायचे आहे, त्यांनी नौकेची लांबी, रुंदी आणि टपावर आज काय काय आहे त्याची यादी मागवून घ्यावी. सभेनंतर बसून आपण एकेकाचा हिशेब करू.